फुटामागे एक सूत

६ मार्च

धाकट्या,

सलाम.

त्या रविवारी सकाळी मी उपासनेला आलो नव्हतो. पोटात कळ येतेय असं सांगून अंथरुणातच राहिलो. तू आईच्या हाताला धरलंस, तुझी वहिनी गीतांचं पुस्तक घेऊन मागून निघाली. तुम्ही कोपऱ्यावरून वळलात तसा मी उठलो, शर्ट चढवला आणि कारखान्यात गेलो. फाटकावर पहारेकरी चहा पीत बसला होता. "आज कसे काय?" म्हणाला. थोडं काम राहिलंय म्हटलं. तीन तास पॅटर्नच्या खोलीत, माझ्या त्या लाकडी नमुन्यांत होतो. तुम्ही परतलात तेव्हा मी पुन्हा पांघरूण घेऊन पडलो होतो, आणि तू पायथ्याशी बसून म्हणालास, "दादा, आज तू नव्हतास तर सगळी मंडळी सुरात गायली रे."

आठ वर्षांनी हे का लिहितोय, असं तुला वाटेल. आज तेवढंच लिहितो. काम राहिलं होतं.

पत्ता कुठून मिळाला ते आधी सांगतो, नाहीतर तू कुणावर तरी उगीच चिडशील. परवा मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं. मॅडम म्हणजे आपल्या मालकांची मुलगी. मालक आता येत नाहीत, गुडघे गेले त्यांचे. दीड वर्षापूर्वी तिनं बंद पडलेला पॅटर्नचा विभाग पुन्हा सुरू केला आणि मला बोलावून घेतलं. आता मी तिथला मुख्य आहे. मुख्य म्हणजे काय, आम्ही तिघंच आहोत. त्यातल्या एकाला कमी ऐकू येतं आणि दुसरा ऐकूनही न ऐकल्यासारखं करतो.

मॅडमच्या टेबलावर दुसऱ्या एका कारखान्याचं पत्र होतं, त्याला तुझा अर्ज जोडलेला. मोल्डरच्या जागेसाठी, पुन्हा वाळूचे साचे ठोकायला. अक्षर बघताक्षणी ओळखलं मी. गावच्या शाळेत गुरुजींनी आपल्याला एकाच पाटीवर गिरवायला लावलं होतं, तुझा 'ळ' अजून तसाच पोट फुगलेला आहे. त्यांनी विचारलंय, हा माणूस तुमच्याकडे नऊ वर्षं होता, कसा होता, का काढला? मॅडमनी जुनी फाईल काढून ठेवली होती. तिच्यात तुझ्या नावापुढं एकच वाक्य आहे. "चुकीचा पॅटर्न वापरला, चाळीस नग बाद, विचारल्यावर खोटं बोलला."

"तुमचाच भाऊ ना? मी तेव्हा इथं नव्हते," मॅडम म्हणाली. "तुम्ही सांगा, मी काय लिहू?"

मी म्हटलं, विचार करून सांगतो. तिनं महिन्याअखेरपर्यंत वेळ दिला आहे.

तू गोदामात गाड्या उतरवतोस असं अर्जात लिहिलं आहेस. इतक्या वर्षांनी पुन्हा वाळूत हात घालायची तुझी इच्छा आहे हे वाचून बरं वाटलं. मी चांगलंच लिहायला सांगेन. काळजी करू नकोस.

आई गेली ते तुझ्या जुन्या पत्त्यावर कळवलं होतं. पत्र पोचलं की नाही, माहीत नाही.

तुझा दादा


१७ मार्च, रविवार

धाकट्या,

तुझं उत्तर काल आलं. चार ओळी. "आईचं पत्र पोचलं होतं. वहिनीला सांभाळ. माझ्यासाठी चांगलं बोलायची मेहरबानी नको, खरं काय ते बोल, नाहीतर गप्प राहा. गप्प राहायची तुला सवय आहे." मोजून तीन वेळा वाचलं. चौथ्यांदा वाचायची हिंमत झाली नाही.

वहिनीला सांभाळ म्हणालास म्हणून तिचं लिहितो. तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आहेत, सव्वा वर्ष होईल आता. आठवड्यातून दोनदा तिला यंत्राला लावतात. चार तास ती पडून असते आणि मी बाहेरच्या बाकावर बसतो. मागचं पत्र त्याच बाकावर लिहिलं होतं. कारखान्याचं दवाखान्याचं कार्ड आहे म्हणून हे चाललंय. मी कामावर आहे तोवर कार्ड आहे.

मधल्या काळात विभाग बंद पडला तेव्हा सव्वादोन वर्षं घरी होतो. घरी म्हणजे, शाळांची बाकं दुरुस्त केली, लोकांच्या दारांना रंधा मारून दिला. त्यातच एका परक्या माणसाच्या करवतीवर डाव्या हाताची दोन बोटं गेली. चूक माझीच, लक्ष नव्हतं. आता रंधा पुढून धरताना अंगठ्यावर सगळा भार येतो. संध्याकाळी अंगठा ठणकतो, मग वहिनी तेल लावून देते. तिच्या हाताला सुयांची भोकं आणि माझा हात असा. दोघं मिळून एक धड माणूस होतो, असं ती म्हणते.

प्रार्थना रोज करतो. तुला वाटेल, दादा अजून तसाच. तसा राहिलो नाही रे. पूर्वी मागत होतो, आता नुसता बसतो. कधी बसल्या बसल्या डुलकी लागते. जाग आल्यावर 'प्रभू, माफ कर, दमलोय' म्हणतो आणि उठतो. पण बसायचं सोडलं नाही. बोटं गेली त्या आठवड्यातही बसलो होतो. का बसतो, ते मला नीट सांगता येणार नाही. उठून दुसरीकडे कुठं जाऊ?

आज चर्चमध्ये एक प्रकार झाला. आपले जुने पाळकसाहेब निवृत्त झाले, आता तरुण आहेत. मागच्या आठवड्यात ते घरी आले आणि म्हणाले, "येत्या रविवारी तुम्ही साक्ष द्या. तुमच्याइतकं सोसून विश्वासात टिकलेला माणूस आपल्या मंडळीत दुसरा नाही. तरुणांना बळ येईल." मी नको म्हटलं. ते म्हणाले, "नको म्हणणारेच चांगली साक्ष देतात." वहिनीही त्यांच्या बाजूनं बोलायला लागली.

आज माझं नाव पुकारलं. पुढं गेलो. सगळे तोंडाकडं बघत होते. मी म्हणालो, "माझ्यावर पुष्कळ आलं." पुढचं वाक्य तोंडात येईना. तुझ्या चार ओळी खिशात होत्या. हात खिशावर गेला. मग म्हणालो, "मला जमणार नाही. मी त्या लायकीचा नाही." आणि जागेवर येऊन बसलो.

तर लोकांना ते नम्रपण वाटलं! पुढच्या बाकावरच्या म्हातारीनं डोळ्यांना पदर लावला. पाळकसाहेब म्हणाले, "भावांनो, याहून मोठी साक्ष मी ऐकलेली नाही." बाहेर पडताना दोघा-तिघांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. एकजण म्हणाला, "काका, तुम्ही आमच्यासाठी खांब आहात."

घरी येऊन मी न जेवता पडून राहिलो. वहिनीला सांगितलं, पोटात कळ येतेय.

दादा


२० मार्च

धाकट्या,

आज सगळं लिहितो. यंत्राचा दिवस आहे, चार तास आहेत.

त्या पंपाच्या कामाचा नकाशा माझ्याकडं आला तो आठवडा तुला आठवत नसेल. वहिनीचं दुसरंही मूल पोटातच गेलं त्याच्या पुढचा आठवडा. सगळे म्हणाले, चार दिवस घरी राहा. मी म्हटलं, काम केलेलं बरं. माझ्या टेबलावर दोन पट्ट्या असायच्या, तुला माहीत आहेत. एक साधी, दुसरी वाढीव. ओतलेलं लोखंड थंड होताना फुटामागे एक सूत आकसतं, इंचाचा आठवा हिस्सा. म्हणून लाकडाचा पॅटर्न तेवढा मोठा करायचा असतो, आणि ते गणित रोज करायला नको म्हणून वाढीव पट्टीवर इंचच मुळात लांब आखलेले असतात. दोन्ही पट्ट्या सारख्याच दिसतात. वाढीव पट्टीच्या टोकाला मी खूण कोरली होती, पण मी खुणेकडं बघितलं नाही. सहा दिवस मी साध्या पट्टीनं काम केलं. एकोणीस वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं. शिकाऊ माणूससुद्धा पहिल्या महिन्यानंतर ही चूक करत नाही.

तो पॅटर्न तू नेलास. त्यावर तू वाळू ठोकून साचे केलेस, शीळ घालत, नेहमीसारखे. चाळीस पंप ओतले गेले आणि चाळीसच्या चाळीस लहान निघाले. शुक्रवारी गिऱ्हाइकाची तक्रार आली. सोमवारी मोजणी करायची ठरली. शुक्रवारी संध्याकाळी मी टेबलाशी उभा राहिलो, ते सहा दिवस वापरलेली पट्टी उचलली आणि टोकाकडं पाहिलं. तिथं खूण नव्हती.

रविवारी सकाळी मी काय केलं ते आता तुला कळलं असेल. पातळ प्लायच्या पट्ट्या कापल्या, सरसानं पॅटर्नवर चिकटवल्या, सांधे पुट्टीनं भरले, कानस मारली, पॉलिश पेपर फिरवला, वरून लाल रंगाचे दोन हात दिले आणि दिव्याखाली वाळत ठेवला. काम सुबक झालं होतं. ते करताना, देव क्षमा करो, मला हात चांगला चाललाय म्हणून समाधानही वाटलं होतं.

तू गोवला जाशील हे माझ्या मनात नव्हतं. हे मी शपथेवर सांगेन, पण तेवढ्यानं काय होतं? मला वाटलं, पॅटर्न बरोबर निघाला की म्हणतील लोखंडात काही गडबड झाली, भट्टीत झाली, कुणाचंच नाव येणार नाही. काम झाल्यावर पॅटर्न परत ठेवतात त्याच मांडणीवर त्याच पंपाचा जुना झिजलेला पॅटर्न पडून आहे, मापानं लहान, हे मी विसरलो होतो. तपासनिसानं सोमवारी माझा पॅटर्न मोजला, बरोबर निघाला. मग त्याची नजर जुन्यावर गेली. "मोल्डरनं हा उचललेला दिसतो," तो म्हणाला. पाच मिनिटांत सगळं ठरलं.

तू म्हणालास, "मी जुन्याला हात लावलेला नाही. दादानं स्वतः माझ्या हातात नवा दिला. दादा, सांग ना."

मालक माझ्याकडं वळले. मी म्हणालो, "माझ्या लक्षात नाही."

तू माझ्याकडं जसं बघितलंस तसं कुणी कुणाकडं बघू नये. त्या क्षणापर्यंत तुला खरंच काही संशय नव्हता. त्यानंतर आला. रात्री जेवताना तू आईसमोर विचारलंस, "दादा, रविवारी तुझं पोट खरंच दुखत होतं का?" आई म्हणाली, "मोठ्या भावाला असं विचारतात का?" तू ताटावरून उठलास, ते पुन्हा घरात जेवला नाहीस. चौथ्या दिवशी तू गेलास, आणि चर्चच्या यादीतून नाव काढा असं पाळकसाहेबांना सांगून गेलास. भावानं खोटं बोलायचं आणि दोघांनी एका बाकावर बसून गायचं, हे तुला जमणार नव्हतं. मला जमलं. आठ वर्षं जमलं.

आई शेवटच्या आजारात रोज विचारायची, "धाकटा का रुसलाय रे?" मी म्हणायचो, "येईल." ती मला घट्ट धरून प्रार्थना करायची, माझ्या मोठ्या मुलाचं मन तुटू देऊ नको म्हणून. मी आमेन म्हणायचो.

हे पत्र टाकायला अजून मन धजत नाही. आतून हाक आली, वहिनीची सुटायची वेळ झाली.


२४ मार्च, रविवार

विसाव्या तारखेचं पत्र टाकलेलं नाही. पाकीट चिकटवलं, पेटीपर्यंत गेलो आणि परत आलो.

त्याचं कारण असं की पत्र टाकलं म्हणजे तुला कळेल, पण फाईलमधलं वाक्य तसंच राहील. मॅडमला सांगितल्याशिवाय तुला सांगणं म्हणजे पुन्हा अर्धंच काम. आणि मॅडमला सांगितलं तर मुख्य म्हणून मला ती का ठेवेल? काढलं तर कार्ड जाईल. कार्ड गेलं तर यंत्र. मी रोज देवापुढं हेच मांडत होतो. देवा, मी सांगितलं असतं, पण तिचं काय?

काल दुपारी वहिनीनं माझा शर्ट धुवायला घेतला आणि खिशातलं पाकीट बाहेर काढलं. "कुणाला?" तिनं विचारलं. तुला, म्हटलं. "मग टाकत का नाही?" तिनं पाकीट माझ्यासमोर ठेवलं आणि माझ्या तोंडाकडं बघत बसली. ती बघायला लागली की मला खोटं बोलता येत नाही. म्हणूनच आठ वर्षं मी तिच्याकडं नीट बघितलं नव्हतं. सगळं सांगितलं.

ती रडली नाही. बराच वेळ शर्टाची बाही पिळत राहिली, तो अजून भिजवलाही नव्हता. मग म्हणाली, "म्हणजे त्याला माझ्या हातचं शेवटचं जेवण मिळालं तेही अर्धवट, तुमच्यामुळं."

मी म्हटलं, "मी सांगेन मॅडमला. पण तुझं यंत्र..."

"त्यात मला घालू नका," ती म्हणाली. आवाज चढला तिचा, आणि आवाज चढवायला आता तिला श्वास पुरत नाही. "आधी मेलेल्या पोराच्या आड लपलात, आता माझ्या आड. मी आजारी आहे, पडदा नाही. तुम्हाला भीती वाटते तर भीती वाटते म्हणा."

"वाटते," मी म्हटलं.

"मग झालं. आता हे पुढच्या वेळी चर्चमध्ये सांगा, तेव्हा खरी साक्ष होईल."

मग ती उठली, शर्ट बादलीत टाकला आणि माझ्याशी रात्रीपर्यंत बोलली नाही. सरकारी दवाखान्यात यंत्र आहे, रांग मोठी आहे, हे तिनं आज सकाळी कुणाला तरी फोन करून विचारून ठेवलेलं आहे. मला तिनं सांगितलं नाही, शेजारच्या खोलीतून ऐकू आलं.

आज चर्चला गेलो. शेवटच्या बाकावर बसलो. प्रार्थनेच्या वेळी नेहमीसारखी डुलकी लागली नाही. देवाशी काही बोललोही नाही. आठ वर्षं मी टिकलो असं लोक म्हणतात. बोटं गेली तेव्हा टिकलो, आई गेली तेव्हा टिकलो, ते खोटं नाही. पण ते सगळं मी न बोलता करू शकलो, आणि देवाला माझ्याकडून एवढी वर्षं फक्त बोलणंच हवं होतं, असं आज त्या बाकावर वाटलं. कदाचित चुकत असेन. मी शिकलेला माणूस नाही.


२८ मार्च, गुरुवार

धाकट्या,

विसाव्या, चोविसाव्या तारखेचं आणि हे, अशी तिन्ही पत्रं या पाकिटात एकत्र टाकतोय. तारखेच्या क्रमानं वाच.

आज सकाळी कामावर गेल्यावर मी आधी हातातलं संपवलं. एका झाकणाचा पॅटर्न होता, त्याचा शेवटचा कोपरा राहिला होता. ऐकू न येणाऱ्याला खुणेनं सांगितलं की उद्या मी नसलो तर रंग तू दे. तो मोठ्यानं म्हणाला, "काय? बायकोला बरं नाही?" मी मान हलवली, हो आणि नाही दोन्ही.

अकरा वाजता ऑफिसात गेलो. मॅडम फोनवर होती, बसा म्हणून खूण केली. मी बसलो नाही. फोन ठेवल्यावर म्हणाली, "हां, तुमच्या भावाचं ना? उद्या पत्र पाठवायचंय. चांगला होता असं लिहू का?"

मी म्हटलं, "मॅडम, चांगला होता असं नको. खरं काय घडलं ते लिहा." आणि सांगायला सुरुवात केली. पट्टीपासून सुरू केलं, कारण त्याच्या आधीचं काही काढलं असतं तर मी अडखळलो असतो. प्लायच्या पट्ट्या, सरस, लाल रंग, सोमवार, "माझ्या लक्षात नाही." वहिनीच्या दुसऱ्या मुलाचं सांगितलं नाही. ते कारण होतं की नाही, मलाच माहीत नाही.

ती मध्ये एकदाच बोलली. "तुम्ही कारखान्यात येऊन दुरुस्त केलात? तो पॅटर्न अजून आहे?"

आहे, म्हटलं. मागच्या मांडणीवर, वरच्या फळीवर. तिनं मला तो आणायला लावला. मी तिच्यासमोर चाकूनं कडेचा रंग खरवडला. खालून प्लायची कड दिसायला लागली, सांध्यातली पुट्टीही. तिनं बोट फिरवलं. मग पॅटर्न बाजूला सरकवला.

"बाबांना हे कळलं तर त्यांना बसेल," ती म्हणाली. "तुमच्यावर त्यांचा फार विश्वास."

"हो," मी म्हटलं.

"आत्ता काय करायचं, ते मला ठरवायला वेळ लागेल. मुख्य म्हणून तुम्हाला ठेवता येईल असं वाटत नाही. कामावर ठेवता येईल का, तेही आज सांगत नाही."

"कळलं."

"तुमच्या मिसेस आजारी आहेत ना?"

"आहेत. पण त्यांना यात घालायचं नाही असं त्यांनीच सांगितलंय."

ती पहिल्यांदा जराशी हसली, की मला तसं वाटलं. मग तिनं एक कोरा कागद पुढं केला. "लिहून द्या. तुमच्या शब्दांत. मी तुमच्या भावाच्या पत्राला जोडून पाठवते, आणि फाईलमधलं ते वाक्य खोडून शेजारी या कागदाचा नंबर टाकते."

मी तिथंच, उभ्यानं, टेबलाच्या कडेला वाकून लिहिलं. डाव्या हातानं कागद नीट धरता येत नाही, तिनं पेपरवेट ठेवला. अकरा ओळी झाल्या. पॅटर्न मी चुकीचा केला. चूक मीच लपवली. मोल्डरनं मी दिलेलाच पॅटर्न वापरला, तो खरं बोलत होता, आणि तो खरं बोलतोय हे मला तेव्हाही माहीत होतं. खाली माझं पूर्ण नाव लिहिलं, तारीख घातली आणि सही केली.